पेज काढावं की सभासदांचा ग्रुप करावा? शेतकरी कंपनीसाठी सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाशिम जिल्ह्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, साडेचारशेच्या आसपास सभासद आहेत. सोयाबीन आणि तुरीची खरेदी करता आणि यंदा तूरडाळ पॅक करून विकायचा विचार आहे. सभासदांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तो सुप्रभात, देवांचे फोटो आणि राजकारणानं भरून गेला आहे. एक संचालक म्हणतात, तो बंद करा आणि फेसबुक पेज काढा, सगळ्या जगाला दिसेल. दुसरे म्हणतात, आपला व्यवहार बाहेरच्यांनी कशाला पाहायचा, फेसबुकवर फक्त सभासदांचा ग्रुप करा. दोघांपैकी कुणाचं ऐकावं, हे तुम्ही विचारता.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांच्या डोळ्यासमोरची माणसं वेगळी आहेत. पहिल्यांना डाळीचं गिऱ्हाईक दिसतं, दुसऱ्यांना शेअर घेतलेला कास्तकार. पेज हे आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी असतं आणि ग्रुप हा ज्यांचा पैसा कंपनीत गुंतला आहे त्यांच्यासाठी. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की दोन्हीकडे फजिती होते. तुमच्या बाबतीत सभासदांची सोय आधी लागली पाहिजे. पेज नंतर काढा, आणि तेही डाळ हातात आल्यावर. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो.

आधी एक काम करा, त्याला मोबाईलसुद्धा लागत नाही. सभासद रजिस्टर उघडा आणि प्रत्येक नावापुढे एक खूण करा: स्वतःकडे स्मार्टफोन आहे, घरात दुसऱ्याकडे आहे, किंवा घरातच नाही. रजिस्टरमधला नंबर कुणाचा आहे तेही लिहा. सभासद बाई आणि नंबर नवऱ्याचा, सभासद म्हातारा आणि नंबर पुण्याला नोकरीवर असलेल्या पोराचा, हे जवळपास प्रत्येक कंपनीत निघतं. उद्या वजनकाटा बंद आहे हा मेसेज पुण्यातल्या पोरानं वाचला आणि घरी फोन करायला विसरला, तर बाप सोयाबीनचे कट्टे भरून तुमच्या गोदामावर येऊन उभा राहणार. पेज काढा नाहीतर ग्रुप, ही गळती या रजिस्टरशिवाय सापडत नाही. ज्यांच्या घरात स्मार्टफोनच नाही त्यांची गाववार यादी करून एकेका गावातल्या एकेका माणसावर फोन करण्याची जबाबदारी द्या, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावायची जुनी पद्धत अजिबात सोडू नका.

आता पेजकडे वळू. फेसबुक पेज कुणालाही दिसतं, गूगलवर कंपनीचं नाव टाकलं की सापडतं, बँकेच्या किंवा कृषी विभागाच्या साहेबाला दाखवता येतं. पण पेजवर टाकलेली पोस्ट पेज फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला दिसत नाही. कुणाच्या समोर काय आणायचं हे फेसबुकची यंत्रणा ठरवते, आणि पैसे न देता टाकलेली पोस्ट फॉलोअर्सपैकी थोड्यांपर्यंतच जाते. शिवाय आज टाकलेली पोस्ट एखाद्याला तीन दिवसांनी दिसू शकते. डाळीच्या जाहिरातीला हे चालून जातं. टोकनच्या, म्हणजे कोणत्या दिवशी कुणी माल आणायचा त्या नंबराच्या, सूचनेला चालत नाही. कास्तकार गाडीभाडं भरून, हमाल लावून माल आणतो. परत नेण्याचं भाडं त्याच्याच खिशातून जातं आणि दोष कंपनीवर येतो. म्हणून ज्या सूचनेवर कुणाचा पैसा किंवा फेरा अवलंबून आहे, ती कधीही एकट्या पेजवर टाकू नये.

फेसबुक ग्रुपचं काम वेगळं आहे. जिथं माणसांना संस्था नव्हे तर विषय जोडतो, तिथं तो फार उपयोगी पडतो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचे संत्रा बागायतदार घ्या. त्यांची कंपनी एक नाही, गाव एक नाही, पण फळगळ सगळ्यांची सारखी. तिथं प्रायव्हेट ग्रुप काढावा, आत घेताना तीन प्रश्न विचारावेत (फेसबुक तेवढी सोय देतं): गाव कोणतं, झाडं किती आणि किती वर्षांची, बहार मृगाचा की आंबियाचा. ज्याला उत्तर लिहिता येत नाही तो बहुतेक वेळा औषध विकायला आलेला असतो. पोस्ट मंजूर करण्याचं बटण सुरू ठेवावं. आणि वरती पिन करून लिहून ठेवावं की फोटो टाकताना पानाची वरची आणि खालची बाजू, गळलेलं फळ देठाकडून, आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो टाका. जमीन कशी, पाणी शेवटचं कधी दिलं, फवारणी कशाची आणि कधी झाली ते लिहा. एवढं लिहिलं नाही तर खाली येणारी वीस उत्तरं वीस औषधांची नावं असतात आणि बागायतदार त्यातली चार आणून एका पंपात मिसळतो. नीट माहिती असेल तर तीच पोस्ट घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाता येतं. जुनी चर्चा शोधून वाचता येते हा त्या ग्रुपचा मोठा फायदा, व्हॉट्सॲपवर ती वाहून जाते.

तुमचं तसं नाही. तुमचे सभासद एका रजिस्टरात आहेत, त्यांना रोज लागणारी माहिती ताजी आणि छोटी आहे, आणि त्यातले बरेचजण फेसबुक उघडतच नाहीत. त्यामुळे सभासदांसाठी फेसबुक ग्रुप काढणं म्हणजे त्यांना नवीन वाट शिकवणं. त्यात तुमचा हंगाम निघून जाईल. व्हॉट्सॲप आधीच त्यांच्या हातात आहे, तिथंच व्यवस्था लावा.

व्हॉट्सॲपवर आता तीन-चार प्रकार आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. साधा ग्रुप तुम्हाला ठाऊक आहे: जास्तीत जास्त १०२४ माणसं, प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ माणसं घेता येतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. 'आम्हाला मेसेज आलाच नाही' ही तक्रार पुष्कळदा तिथली असते. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, बोलतो फक्त ॲडमिन. पण चॅनेलचे मेसेज रोजच्या चॅटच्या यादीत येत नाहीत, ते 'अपडेट्स'मध्ये वेगळे पडून राहतात, आणि घंटीचं बटण दाबल्याशिवाय त्याचा आवाजही होत नाही. ज्यांनी आयुष्यात 'अपडेट्स' उघडलं नाही अशा माणसासाठी चॅनेल असून नसल्यासारखं आहे. आणखी एक, चॅनेल कुणीही फॉलो करू शकतो, तुमच्या शेजारचा व्यापारीसुद्धा.

म्हणून तुमच्यासाठी मी कम्युनिटी सुचवतो. कम्युनिटीत एक सूचनांचा ग्रुप आपोआप तयार होतो, त्यात सूचना फक्त ॲडमिन टाकतो, मेसेज नेहमीच्या चॅटमध्येच येतात, आणि सभासदांचे नंबर तिथं एकमेकांना दिसत नाहीत. त्याच्या खाली तुम्हाला गाववार छोटे ग्रुप जोडता येतात. आणि तुमचा तो सुप्रभातवाला ग्रुप बंद करायचीही गरज नाही. तोही कम्युनिटीत जोडून टाका, त्याचं नाव 'चर्चा' ठेवा. ग्रुप बंद केला की माणसं दुखावतात, त्यातलेच दोघं-तिघं दुसरा ग्रुप काढतात आणि तिथं कंपनीविरुद्ध कुजबुज सुरू होते. गप्पांना त्यांची जागा राहू द्या, फक्त कामाची एकही सूचना तिथं टाकू नका. दोन आठवडे हा नियम पाळला की लोक आपसूक सूचनांचा ग्रुप बघायला लागतात.

नंबर दिसण्याच्या गोष्टीवर थोडं थांबतो, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत ती सहसा कुणी काढत नाही. तुमच्या सभासदांत बचत गटातल्या बाया असणारच. साडेचारशे माणसांच्या ग्रुपात बाईचा नंबर, त्यावरचा फोटो, सगळं उघडं पडतं. रात्री-बेरात्री मिस्ड कॉल येतात, नको ते मेसेज येतात. बाई तक्रार करत नाही, गुपचूप ग्रुप सोडते. घरच्यांना कळलं तर फोनच काढून घेतला जातो. मग आपण म्हणतो, महिला सभासद प्रतिसाद देत नाहीत. त्यांचा वेगळा छोटा ग्रुप करा, त्याची ॲडमिन त्यांच्यातलीच एखादी ताई ठेवा. ज्यांना तोही नको त्यांना फक्त सूचनांच्या ग्रुपात राहू द्या. आणि रजिस्टरात नवऱ्याचा नंबर असेल तर ताईंना स्वतःला विचारून त्यांचा नंबर घ्या. शेअर त्यांच्या नावावर आहे, चुकाऱ्याचा, म्हणजे मालाच्या पैशांचा, मेसेज त्यांनाच गेला पाहिजे.

गाववार ग्रुप किती मोठा? साठ-ऐंशी माणसांच्या आत ठेवा. एवढ्या माणसांत सगळे एकमेकांना तोंडानं ओळखतात, त्यामुळे कुणी वाट्टेल ते टाकत नाही, आणि टाकलंच तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याला विचारणारं कुणी असतं. शेजारची दोन-तीन लहान गावं एकत्र घेतली तरी चालतात. प्रत्येक ग्रुपाला गावातला एक ॲडमिन आणि कंपनीचा एक, असे किमान दोघं हवेत.

आता सूचनेचा मजकूर. भांडणं जास्त इथं होतात. कंपन्यांचे मेसेज साधारण असे असतात: 'सोयाबीन खरेदी चालू आहे, भाव चांगला, लवकर या.' यातून कास्तकाराला काहीच कळत नाही. मेसेज असा असावा:

'सोयाबीन खरेदी. मंगळवार, ११ नोव्हेंबर. टोकन ४१ ते ७०. काटा सकाळी ९ ते दुपारी ४. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत; जास्त असल्यास वाळवून आणावे. माल चाळणी करून आणावा. बारदाना स्वतःचा. सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत. आजचा दर फक्त आजच्या मालाला. अडचण असल्यास गोदामावर फोन करा.' खाली दर आणि कंपनीचा नंबर.

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या वादावरचा उतारा आहे. तारीख आणि वार नसला तर तोच मेसेज आठ दिवसांनी कुणीतरी पुढे पाठवतो आणि माणूस जुन्या दरावर अडून बसतो. ओलाव्याचा आकडा नसला तर पहाटेच्या दवात भिजलेला माल येतो आणि मॉइश्चर मीटरवरून काट्यावर बाचाबाची होते. हा मेसेज टाईप करून पाठवा, रंगीत पोस्टर बनवून नको. पोस्टर कमी नेटवर्कमध्ये उघडत नाही, त्यातला दर शोधून सापडत नाही, आणि तारखेचा कोपरा कापून तेच चित्र पुन्हा फिरवता येतं. वाचता येत नाही अशांसाठी खाली तोच मजकूर आपल्या बोलीत वीस-तीस सेकंदांच्या आवाजात बोलून टाका. लिहिलेला मेसेज आणि आवाज, दोन्ही हवेत.

दर पेजवर टाकावा का, हेही तुम्ही विचारलंत. यात परिस्थिती बघावी लागते. तुमच्या भागात खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन माल उचलणारे व्यापारी, जोरात असतील तर तुमचा दर उघडा झाल्याबरोबर ते क्विंटलमागे थोडे चढवून दोन दिवस माल उचलतात आणि तुमची गाडी रिकामी राहिली की पुन्हा खाली येतात. उलट बाजूनं पाहिलं तर त्या दोन दिवसांत का होईना कास्तकाराला जास्त मिळाले, हेही खरंच आहे. आमच्या कामात आम्ही मालाचा दर सूचनांच्या ग्रुपात सकाळी देतो, पेजवर देत नाही. पण तो गुपित राहील असं मानत नाही. साडेचारशे फोनवर गेलेली गोष्ट तासाभरात बाजार समितीत पोचलेली असते. ग्रुप बंदिस्त आहे म्हणून आत काहीही लिहिलं तर चालतं, असं कुणीच समजू नये. स्क्रीनशॉट काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याच कारणानं काही गोष्टी ग्रुपात कधीच येता कामा नयेत. आधार कार्ड, पासबुक, सातबाराचे फोटो: लोक सरळ ग्रुपात टाकतात, कारण त्यांना वेगळं कुठं पाठवायचं ते सांगितलेलं नसतं. त्यांना कंपनीचा नंबर द्या आणि ग्रुपात आलेला कागद ॲडमिननं लगेच सगळ्यांसाठी डिलीट करावा, तो अधिकार ॲडमिनला आहे. दुसरी गोष्ट, बाकीदारांची यादी. बियाणं-खताची उधारी कुणाकडे किती राहिली हे ग्रुपात टाकून वसुली होईल असं काही संचालकांना वाटतं. कृपा करून असं करू नका. आपल्या भागात कर्जापायी माणसानं काय केलं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. चारचौघांत नाव निघाल्याचा घाव पैशापेक्षा मोठा असतो. बाकीचं बोलणं समोर बसून, एकट्याशी. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय अशी पसरवणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या हेतूच्याही विरुद्ध जातं, पण कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, 'कुणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील' म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत किंवा आधीच ठरवलेला बेत असल्याशिवाय, फक्त ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. त्यामुळे भीती नको, पण डोळेझाकही नको. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या काळात सगळे चर्चेचे ग्रुप 'फक्त ॲडमिन' वर टाकून द्या आणि निकालानंतर पुन्हा उघडा. कंपनीत सगळ्या पक्षांची माणसं असतात, त्या पंधरा दिवसांत बिघडलेले संबंध वर्षभर जोडले जात नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभेबद्दल एक सूचना. ग्रुपात मेसेज टाकला म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. उत्पादक कंपनीला किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ग्रुपातला मेसेज ही आठवण समजा, नोटीस कागदावरच द्या आणि पोच घ्या.

हे सगळं कुणाच्या नंबरवर उघडायचं? कंपनीच्या नावानं घेतलेल्या सिमवर. व्यवस्थापकाच्या खाजगी नंबरवर ग्रुप आणि खाजगी प्रोफाईलवरून पेज, मग तो नोकरी सोडून गेला की पेज त्याच्याकडे आणि कंपनी हात चोळत, हे फार ठिकाणी घडलेलं आहे. पेज कुणाच्या तरी प्रोफाईलवरूनच उघडतं, त्याला इलाज नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दोन संचालकांना पूर्ण अधिकार द्या, दोघांच्याही खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, आणि कुणाकडे काय आहे ते संचालक मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा. सिमचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर मोबाईल कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते आणि तुमच्या सभासदांचे कागद त्याच्याकडे जायला लागतात.

टेलिग्रामचंही कुणी सुचवेल. तिथं दोन लाखांपर्यंतचा ग्रुप होतो, नवीन माणसाला जुने मेसेज दिसतात, नंबर लपवता येतो. सोय चांगली आहे, पण तुमचे सभासद तिथं नाहीत, त्यामुळे विषय संपला.

आता राहिलं पेज. विदर्भात तूर डिसेंबर-जानेवारीत घरात येते, म्हणजे पॅकबंद डाळ तुमच्या हातात फेब्रुवारीच्या आधी नीट येणार नाही. पेज त्याच वेळी उघडा. चार महिने आधी उघडलं तर त्यावर संचालकांच्या सत्काराचे आणि जयंत्यांचे फोटो जमा होतात आणि डाळ घ्यायला आलेल्या माणसाला डाळच दिसत नाही. पहिल्या दिवशी पेजवर एवढं असू द्या: गोदामाचा पत्ता आणि नकाशा, फोन, अन्न परवान्याचा क्रमांक, पाकिटं किती किलोची आहेत, भाव, आणि नागपूर-अकोला-अमरावतीला माल कसा पोचवता. फोटोत पाकीट हवंच, पण डाळीचा जवळून घेतलेला, उन्हात काढलेला फोटोही हवा. दाणा सारखा आहे का, चुरी किती आहे, वरून तेल-पाणी किती लावलं आहे, गृहिणी तेच बघते. सभासदाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय नको.

पैसे देऊन फॉलोअर वाढवू नका, लांबच्या पाच हजार अनोळखी खात्यांनी एक किलो डाळ उचलली जात नाही. त्याऐवजी पेजवर येणाऱ्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देणारं एक माणूस नेमा, दुपारी एक तास आणि संध्याकाळी एक तास. असं माणूस मिळत नसेल तर यंदा पेज काढूच नका, डाळ नातेवाइकांच्या आणि बाहेरगावी असलेल्या पोरांच्या ओळखीनं विका. उत्तर न देणारं पेज पाहून गिऱ्हाईक कंपनी बंद पडली असं समजतं. आणि एखादा सभासद रागाच्या भरात पेजवर 'माझा चुकारा अडला आहे' लिहील, लिहिणारच. ती कॉमेंट डिलीट करू नका. खाली नाव घेऊन लिहा, 'दादा, आज संध्याकाळपर्यंत गोदामावरून तुम्हाला फोन येईल', आणि फोन खरंच करा. पैसे जमा झाले की त्याच जागी 'जमा झाले' असं लिहा. डाळ घ्यायला आलेला माणूस तेही वाचतो.